उसनी नक्षी, घरचे माप
विश्रामबाग वाडा आणि त्याच्या पेठेविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

पुण्यात एखाद्या वास्तूला 'अस्सल पेशवाई' म्हटले की तिच्याविषयीची चर्चा तिथेच संपते. विश्रामबाग वाड्याच्या वाट्याला हे फार आले. बाजीराव रस्त्यावरून जाणारा पुणेकर त्याच्या लाकडी सज्जाकडे एकदा अभिमानाने पाहतो, बाहेरगावच्या पाहुण्याला "हा आमचा पेशव्यांचा वाडा" असे सांगतो आणि तुळशीबागेच्या गर्दीत शिरतो. वाडा कोणी, कधी आणि कशासाठी बांधला एवढे विचारले तर अर्धी उत्तरे मिळतात. त्यात नेमके कुठले काय आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. या पुस्तकाने तो विचारला आहे, आणि त्याचे उत्तर अनेकांना थोडे अडचणीचे वाटेल. या वाड्याच्या नक्षीतला निम्म्याहून अधिक ऐवज बाहेरून आलेला आहे. काही उत्तरेतून आला, काही बंगालच्या खेड्यातून, आणि एका अतिशय 'पेशवाई' वाटणाऱ्या घटकाचा माग तर थेट युरोपातल्या छापील चित्रांपर्यंत जातो.

तो घटक म्हणजे सुरूचा खांब. पेशवाई वाड्याचे चित्र काढायला सांगा. शाळकरी मूलसुद्धा हाच खांब काढील. खाली पानांच्या वेष्टनातून उगवणारा घाटदार घडा, त्यातून वर निमुळता होत गेलेला, सुरूच्या झाडासारखा दांडा, आणि माथ्यावर पुन्हा पाने. विश्रामबागेच्या दर्शनी भागात आणि दिवाणखान्यात हे खांब सागवानात कोरलेले आहेत. हा घाट मराठी सुतारांना मोगल वास्तुकलेकडून मिळाला. शाहजहानच्या काळात, म्हणजे १६२८ ते १६५८ या तीस वर्षांत, आग्रा आणि दिल्लीच्या महालांत तो दगडात घडू लागला आणि पुढे राजस्थानच्या हवेल्यांत, अवधच्या कोठ्यांत पसरला. मोगल स्थापत्याच्या अभ्यासक एब्बा कॉख यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की शाहजहानच्या कारागिरांपुढे त्या वेळी युरोपातून दरबारात आलेली छापील चित्रे होती आणि या खांबाचे बीज त्यांत सापडते. मूळ युरोपीय घाट मोगलांनी संगमरवरात आणला, राजपुतांनी वालुकाश्मात उतरवला आणि पुण्याच्या सुताराने सागाच्या ओंडक्यात कोरला. सदाशिव पेठेत पोचेपर्यंत तो इतका घरचा झाला की त्याचा पासपोर्ट कोणी तपासला नाही.

महिरपींचीही तीच गत. दोन खांबांच्या मधली पाकळ्यापाकळ्यांची कमान हीसुद्धा मोगल दरबाराची देणगी. सज्जांवर, देवघराच्या मखरांवर दिसणारी, दोन्ही टोकांना खाली झुकणारी वाकडी कड बंगालमधल्या बांबूच्या झोपडीच्या छपरातून निघाली. पावसाचे पाणी झटकन उतरावे म्हणून तिथल्या माणसाने बांबू वाकवला. मोगल बादशहाला तो आकार आवडला. बादशहाच्या सज्जावरून तो देशभरच्या सरदारांच्या सज्जावर गेला. खांबांच्या माथ्याशी लोंबणारी केळफुले, पोपट, माकडे, वेली यांत मात्र कोकण आणि घाटाखालच्या बागायतीची ओळख पटते. एकाच चौकटीत बंगाली छप्पर, आग्र्याचा खांब आणि घरच्या परसातले केळफूल असे नांदताना दिसते, आणि कुठेही भांडण नाही.

मग या वाड्यात पुण्याचे स्वतःचे काय आहे? नक्षी सोडून मांडणीकडे वळले की उत्तर मिळते. मराठी वाडा खणांत मोजला जातो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती खणी आहे यावरून त्याचा आवाका ठरतो. हे माप पुण्यातल्या साध्या घराला आणि पेशव्याच्या वाड्याला एकच. घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडाचा सांगाडा, मधल्या भिंती विटांच्या, वर तुळया आणि कडीपाट, आणि सगळ्याच्या मधोमध आकाशाकडे उघडा चौक. पाण्याचा, उजेडाचा आणि हवेचा कारभार चौकावर चालतो. विश्रामबागेत असे एकामागून एक चौक आहेत. पहिल्यात पाहुणा थांबतो, पुढच्यांत घरचे वावरतात. रस्त्याकडून आत जाताना खासगीपणा पायरीपायरीने वाढत जातो, आणि ही मांडणी आग्र्यावरून आलेली नाही.

म्हणूनच पेशवाई महिरपीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोगल इमारतीतली कमान वरचे ओझे पेलते. पुण्याच्या वाड्यातली महिरप बहुतेक वेळा लाकडाची किंवा चुन्याच्या गिलाव्याची असते आणि ती खांबांच्या मधे, तुळईखाली बसवलेली असते. ओझे तुळई आणि खांबच घेतात. महिरप काढून ठेवली तरी मजला जागचा हलत नाही. बाहेरचे जे आले ते आपल्या खणाच्या मापात बसवायचे, सांगाडा मात्र आपला ठेवायचा, हे पुण्याच्या कारागिराचे धोरण या एका तपशिलात दिसते. शैलींच्या मिश्रणाला आपण अनेकदा खिचडी म्हणून नाक मुरडतो. इथे काय मिसळायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याचा निर्णय पक्का आहे. निर्णय ज्याचा, वास्तू त्याची, असे मी मानतो, आणि त्या अर्थाने विश्रामबाग वाडा पुण्याचाच आहे.

वाडा बांधवून घेणारा माणूस मराठी इतिहासात फारसा आवडता नाही. दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवा झाला. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याबाहेर त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, तो पळाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या पाठबळावर १८०३ मध्ये परतला. त्यानंतरच्या वर्षांतली त्याची बांधकामे पाहिली की थक्क व्हायला होते. शुक्रवार वाडा, बुधवार वाडा आणि हा विश्रामबाग. शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झालेला, सवाई माधवरावाचा शेवटही तिथलाच. त्या वास्तूत बाजीरावाचा जीव रमेना, असे पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ते खरे असो वा नसो, सत्ता हातून निसटत असताना त्याने घरांवर खर्च केला एवढे खरे. विश्रामबागेशी १८०७ हे साल जोडले जाते आणि खर्च सुमारे दोन लाख रुपये सांगतात. ताडून पाहायचे तर शनिवारवाड्याच्या मूळ बांधकामाचा, १७३० ते १७३२ मधला, खर्च सोळा हजारांच्या आसपास नोंदलेला आहे. मधल्या पाऊण शतकात रुपयाची किंमत बदलली हे खरे, तरी थोरल्या बाजीरावाच्या आणि धाकट्या बाजीरावाच्या काळातला फरक या दोन आकड्यांत बराचसा दिसतो.

वाडा उभा राहू शकला याचे एक कारण जमिनीखाली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला गेला. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधले, पेठांमधून हौद बांधले. या पाण्यामुळे नदीपासून दूरची, चढावरची जागा राहण्याजोगी झाली आणि सदाशिवरावभाऊंचे नाव लावणारी ही पेठ वसली. बागा, कारंजी, मोठाले चौक असलेला वाडा इथे बांधण्याचे बाजीरावाच्या मनात येऊ शकले ते पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याची सोय करून ठेवली होती म्हणून. वाड्याचा इतिहास लिहिताना नळाचा इतिहास वगळता येत नाही, आणि या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले आहे हे योग्यच झाले.

बाजीरावाला हे घर जेमतेम दहा वर्षे लाभले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि पुढल्या जूनमध्ये शरण आलेला पेशवा वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला. इथून पुढे वाड्याची जी कथा सुरू होते, ती मला मूळ कथेपेक्षा अधिक मोलाची वाटते.

पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर शहर बिथरेल हे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ओळखले होते. त्या पैशाचा काही भाग शिक्षणाकडे वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे जुने विषय, आणि प्रवेश सुरुवातीला ब्राह्मणांनाच. पुढे मेजर थॉमस कँडी यांच्यासारखे लोक आले, इंग्रजी वर्ग आले, १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, आणि तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले. पेशव्याच्या दिवाणखान्यात वाढलेली संस्था शहराबाहेर गॉथिक वळणाच्या वास्तूत राहायला गेली, हे स्थलांतरही स्थापत्याच्या इतिहासाचाच भाग आहे.

या मधल्या काळातली एक तारीख विसरू नये. १६ नोव्हेंबर १८५२ ला याच वाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दल हा मान होता. जोतीराव तेव्हा पंचविशीत होते. ज्या वाड्याच्या मालकाच्या राज्यात अशा मुलांना शिकवण्याची मुभा नव्हती, आणि ज्या पाठशाळेचे दार त्यांच्या विद्यार्थ्यांना बंद होते, तिच्याच छपराखाली हा समारंभ झाला. वाड्याच्या खांबांवर या घटनेची खूण नाही. पण सुरूचे खांब कुठून आले एवढे सांगून जो मार्गदर्शक थांबतो, त्याने वाडा अर्धाच दाखवला.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्ही पेटले. बुधवार वाडा पुरता गेला. त्यातल्या सरकारी कचेऱ्या आणि पुस्तकांचा साठाही गेला. संशय प्रथम वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाकडे वळला, कारण त्या उन्हाळ्यात पुण्यात दुसरे काही कोणाच्या डोक्यात नव्हतेच. खटल्यात दोषी ठरले ते मात्र सरकारी नोकरीतले लोक. विश्रामबागेचा रस्त्याकडचा भाग बराच जळाला. तो पुन्हा उभा करताना नगरपालिकेचा पैसा लागला आणि लोकांनी वर्गणीही दिली. म्हणजे आज आपण ज्याची छायाचित्रे काढतो, तो मेघडंबरी म्हटल्या जाणाऱ्या, पुढे आलेल्या सज्जाचा दर्शनी भाग दुरुस्तीनंतरचा आहे. इंग्रजी अमलात, नगरपालिकेच्या काळात, पेशवाई वळणाने केलेली ती दुरुस्ती आहे. म्हणजे जुन्या वळणाचे अनुकरण करण्याची इच्छा पुण्यात १८८० च्या आसपासच जागी झाली होती. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे थोडे टोचेल. मला त्यात शहराची समज दिसते.

पुढे सरकारी शाळा, कचेऱ्या, टपाल कार्यालय, आणि १९३० पासून जवळजवळ तीन दशके खुद्द नगरपालिका इथून चालली. १९५० मध्ये तिची महानगरपालिका झाली तीही इथेच असताना. नळपट्टी भरायला, तक्रार करायला, सही आणायला पुणेकर या चौकात आले. वाड्याच्या लाकडाला या काळात खिळे मारले गेले, फडताळे टेकवली गेली, विजेच्या तारा ओढल्या गेल्या. जतन करणाऱ्यांनी नंतर त्याबद्दल हळहळ व्यक्त केली, ती समजण्याजोगी आहे. पण बाजीरावाचे इतर वाडे गेले आणि हा राहिला, यामागे त्याचा सततचा वापर हे मोठे कारण आहे. रिकामा वाडा पुण्याच्या एका पावसाळ्यात गळू लागतो आणि दहा पावसाळ्यांत बसतो. आज इथे शहराच्या वाढीचे 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे प्रदर्शन आहे आणि वास्तू महापालिकेच्या ताब्यात आहे.

आता वाड्याबाहेर पडू, कारण या पुस्तकाचा अर्धा भाग पेठेबद्दल आहे. रस्ता ओलांडला की तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास इथे राममंदिराचे काम सुरू केले आणि तुळशीबागवाले हेच त्यांच्या घराण्याचे नाव झाले. मंदिराभोवती भांडी, खेळणी, बांगड्या, देवाची उपकरणी असा बाजार जमला आणि आता तो मंदिरापेक्षा प्रसिद्ध आहे. गणेशोत्सवात तुळशीबागेचा गणपती मानाचा चौथा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून निघणारी मिरवणूक पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना १९२० नंतरच्या इमारती आहेत, त्यांच्या गच्च्या गोलाईच्या आणि कठडे आडव्या पट्ट्यांचे, मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या वळणाचे. तळात दुकाने, वर बिऱ्हाडे. पेठेने पुन्हा एकदा बाहेरची नक्षी घेतली आणि आपल्या अरुंद, खोल जागेच्या मापात बसवली. एवढ्या मोठ्या शहरात आपण वाड्याला वारसा म्हणतो आणि या घरांना 'जुन्या बिल्डिंगा', हे मला पटत नाही.

थोडे पुढे मंडई. १८८६ मध्ये उघडलेली, उंच मनोऱ्याची, टोकदार कमानींची ही इमारत तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाई. तिचे काम वासुदेव बापूजी कानिटकरांनी केले. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरत असे. मंडईवर एवढा पैसा घालण्याला ज्यांनी नगरपालिकेत विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. शिक्षणावरचा खर्च त्यांना आधी हवा होता. आज मंडईला त्यांचेच नाव आहे.

त्याच रस्त्याने शुक्रवार पेठेत गेले की राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, वाद्ये यांच्या बरोबरीने तिथे मोडल्या गेलेल्या वाड्यांचे दरवाजे, खांब, गवाक्षे आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथेच जोडून मांडले आहेत. तो संग्रह अप्रतिम आहे, आणि तो इतका भरला याचे एक कारण बाहेर वाडे पडत होते हेही आहे. दुसऱ्या दिशेला, बुधवार पेठेत, भिडे वाडा होता. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. मालकी, भाडेकरू आणि स्मारक यांचा वाद वर्षानुवर्षे चालला, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबरात स्मारकासाठी वाडाच पाडला गेला. तोपर्यंत त्याची अवस्था अशी झाली होती की उरलेल्यातून काही वाचवणे कठीण होते.

वाडे का पडतात याचे उत्तर लोभ या एका शब्दात देण्याची सवय आहे. ते अपुरे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिना काही रुपये देणारी दहा बिऱ्हाडे आणि त्यांच्याकडून कौले बदलण्याइतकाही पैसा न मिळणारा मालक, अशी स्थिती पेठांत घरोघर झाली. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत पन्नास पावसाळे होऊन गेले होते. वारसांची संख्या वाढली, एका चौकाचे सात मालक झाले, आणि सातांचे एकमत फक्त बिल्डरला देण्यावर होऊ शकले. १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले वाडे एका दिवसात नेले. त्यानंतर ज्यांना परवडले ते डेक्कन, एरंडवणे, कोथरूडकडे गेले. मागे राहिलेल्यांना वाड्यात राहण्याची हौस नव्हती. सामाईक संडास आणि गळके छप्पर सोसणे एवढेच त्यांच्या हाती होते. वाडासंस्कृतीच्या आठवणी लिहिणाऱ्यांतले बरेच जण ती पेठ सोडून गेलेले आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणून वाचकाला विनंती की हे पुस्तक नकाशा हाताशी ठेवून वाचावे. पहिल्या भागातले आराखडे कंटाळवाणे वाटतील, पण खण आणि चौक डोळ्यांत बसले की पुढचे सारे उलगडते. नक्षीच्या प्रकरणात कुठली गोष्ट ओझे घेते आणि कुठली शोभेची, एवढे एकच विचारत जावे. पेठेच्या प्रकरणात नावाजलेल्या वास्तूंच्या मधली साधी घरे वगळू नयेत. बोळ, सामाईक भिंती, मागच्या विहिरी यांच्याशिवाय वाडा कसा चालत होता ते कळत नाही.

आणि शेवटी एक मुद्दा कारभाराचा. विश्रामबाग वाचला कारण तो सार्वजनिक मालकीचा आहे. खासगी वाड्याला वारसा यादीत घातले की मालकावर बंधने येतात, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्याच माथी राहतो. घडीव दगड, सागवान आणि चुन्याचे काम जाणणारे कारागीर महाग आहेत, आणि काम नसेल तर तेही उरणार नाहीत. १८७९ च्या आगीनंतर पुण्याने वर्गणी काढली ती पदच्युत पेशव्याच्या आणि परक्या सरकारच्या ताब्यातल्या वाड्यासाठी. लोकांना तो आपल्या शहराचा वाटला एवढे कारण पुरले. आज पेठेत जे शे-दोनशे सामान्य वाडे कसेबसे तग धरून आहेत, त्यांच्या छपरांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कायमची तरतूद, मालकाला करात सवलत आणि भाडेकरूला हक्काची जागा, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच या पुस्तकाचा दुसरा भाग पुढच्या पिढीलाही प्रत्यक्ष पाहून पडताळता येईल. त्या नसतील, तर पाहायला एकटा विश्रामबाग तेवढा राहील, आणि त्याच्या भोवतीची पेठ मात्र छापील नकाशातच शोधावी लागेल.